मापाला लावलेलं कुंकू

कुसाबाईंचं आणि माझं पहिलं भांडण बुटांवरून झालं. नाशिकच्या अंबड एमआयडीसीतल्या आमच्या कारखान्यात तपासणीची खोली वेगळी आहे. तिथे बारा महिने एसी चालू असतो, कारण उन्हाळ्यात पोलादही फुगतं आणि मापं चुकतात. त्या खोलीत बूट घालूनच यायचं असा नियम. आणि ह्या बाई बूट दाराबाहेर काढून अनवाणी आत यायच्या. मी नुकतीच क्वालिटी इंजिनिअर म्हणून लागले होते, अंगात नियमांचं वारं शिरलेलं. सगळ्यांसमोर मी त्यांना झापलं. त्या म्हणाल्या, "ताई, आतमंदी माप हाय. पायताण घालून कसं जायाचं?" मला वाटलं, ही बाई मला बनवते आहे. पुढे तीन वर्षं त्यांच्याशेजारी काढली तेव्हा कळलं, की बनवाबनवी त्यांना येतच नव्हती. शेवटी आम्ही तडजोड केली. बूट बाहेर राहिले आणि जाड मोजे पायात आले.

माझं नाव शुभांगी. सिडकोत वाढले, नाशिकमध्येच मेकॅनिकल केलं. तोंडाने फटकळ आहे असं घरचे म्हणतात आणि ते खोटं नाही. कुसाबाईंबद्दल लिहायला बसले आहे ते त्यांचे गोडवे गाण्यासाठी नाही. त्यांच्याबद्दल एक गोष्ट सांगायची माझी वेळ आली होती, तेव्हा मी ती सांगितली नाही. ती आता सांगते.

कुसाबाई हरसूलकडच्या. गाव म्हणजे डोंगराच्या उतारावरचा पंधरा-वीस घरांचा पाडा. पावसाळ्यात भात आणि नागली, ती घरात आली की पाड्यातली निम्मी माणसं दिंडोरीच्या द्राक्षबागांत कामाला उतरायची. लग्न झाल्यापासून कुसाबाईही उतरायच्या. त्यांचे यजमान चंदरदादा छाटणीला, त्या मण्यांच्या विरळणीला. परदेशी जाणाऱ्या द्राक्षांचा मणी मोजायला प्लॅस्टिकची एक पट्टी असते, तिला गोल भोकं पाडलेली. अठरा मिलिमीटरच्या भोकातून मणी खाली पडला तर माल बाहेर जात नाही. बाकीच्या बायका मणी भोकावर दाबून बघायच्या आणि मालकाला खूश करायच्या. कुसाबाई मणी नुसता टेकवायच्या. पडला तर पडला, राहिला तर राहिला. त्यांनी मोजलेला माल कधी परत आला नाही, म्हणून बागेच्या मालकाने हंगाम संपल्यावर त्यांना आपल्या व्याह्याकडे पाठवलं. ते व्याही म्हणजे आमचे धनराज सर, कारखान्याचे मालक. त्याला आता नऊ वर्षं झाली.

नऊ वर्षांत त्या कायम झाल्या नाहीत. ठेकेदाराच्या गाडीतून यायच्या, ठेकेदाराच्या गाडीतून जायच्या. चुंचाळ्यात एक खोली घेऊन राहायच्या, सोबत नात आरोही. चंदरदादा, मुलगा आणि सून कामासाठी बागाबागांतून फिरतीवर, त्यामुळे पोरीची शाळा आजीच्या ह्या नोकरीवर टिकून होती. आरोही आठवीत होती, गणितात हुशार. तिची वही कुसाबाई कधीकधी मला दाखवायला आणायच्या आणि मी बरोबरच्या खुणा मोजेपर्यंत माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. स्वतः त्यांना आकडे वाचता यायचे, अक्षरं जेमतेम.

त्यांचं काम सांगते, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. आमच्याकडे यंत्रांत बसणाऱ्या पोलादी पिना, म्हणजे गुळगुळीत गोल दांडे, बनतात; त्यांची जाडी तपासायला दोन पोलादी कड्या असतात, त्यांना आम्ही रिंग म्हणतो. पहिली 'गो'. पिन तिच्यात अलगद उतरलीच पाहिजे, नाही उतरली तर ती जाड आहे, पुन्हा घासायला जाते. दुसरी 'नो-गो'. हिच्यात पिन उतरता कामा नये, उतरली तर ती बारीक आहे, बाद. पहिलीत जाते आणि दुसरीत अडते ती पिन चांगली. ह्या दोन रिंगांमधला फरक डोक्याच्या केसाच्या पाव भागाइतका. पिन ढकलायची नाही, तिच्या वजनाने काय होतं ते बघायचं. नवी मुलं कंटाळली की जोर लावतात. कुसाबाईंनी कधी लावला नाही. चांगल्या पिनेच्या टोकावर त्या आपला शिक्का उमटवायच्या. त्यांचा नंबर आठ. शेजारच्या टेबलावर बसणारी मोहिनी, दिंडोरीची बावीस वर्षांची पोरगी, हे काम त्यांच्याकडूनच शिकली.

गेल्या वर्षी आम्हाला युरोपातून एक ऑर्डर मिळाली. स्पेनमध्ये रुळांच्या दोन रुंद्या आहेत. जुने रूळ आपल्या रुळांपेक्षा जेमतेम आठ मिलिमीटर अरुंद आणि नव्या वेगवान गाड्यांचे रूळ त्याहून बरोबर एक वीत अरुंद. मग तिथे अशा गाड्या केल्या आहेत, की ज्यांची चाकं आसावर सरकतात. गाडी एका शेडमधून सावकाश जाते, चाकांची कुलुपं उघडतात, चाकं आत किंवा बाहेर सरकतात, कुलुपं पुन्हा बसतात आणि गाडी दुसऱ्या रुळांवर निघते. प्रवासी आपल्या जागेवर बसलेले. अशीच एक नवी गाडी तिकडची एक कंपनी चाचणीसाठी बांधत होती आणि चाकांच्या कुलपातल्या पिना आमच्याकडे आल्या होत्या. पहिल्या हप्त्यात सहाशे बारा पिना. धनराज सरांनी त्या दिवशी सगळ्यांना जिलेबी वाटली.

मी कुसाबाईंना मोबाईलवर त्या शेडचा व्हिडिओ दाखवला. त्यांनी तो दोनदा पाहिला.

"चाक सरकताना माणसं आतच बसल्याली असत्यात?"

"हो. त्यांना कळतही नाही."

"अन् मंग गाडी किती जोरात पळती?"

"ताशी अडीचशे किलोमीटर. इथून मुंबई पाऊण तासात."

त्या समोरची पिन उचलून म्हणाल्या, "म्हंजे बैलगाडीची खीळच की ही. खीळ ढिली झाली का चाक आपल्या वाटेनं जातं, गाडी आपल्या वाटेनं." मी म्हटलं, अगदी तसंच. इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत मला कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं.

पिना ग्राइंडरवर घासून तयार होत होत्या आणि त्यातच खंडेनवमी आली. आमच्याकडे त्या दिवशी मशिनं बंद. सकाळी सगळी धुऊन-पुसून, झेंडूच्या माळा, हळदकुंकू, नारळ. तपासणीच्या खोलीत एका टेबलावर लाल कापड घालून मायक्रोमीटर, व्हर्निअर, रिंगा अशी सगळी हत्यारं मांडली. मोजायच्या हत्यारांना कुंकू लावायचं नाही, नुसतं फूल वाहायचं, असं मी सांगायला हवं होतं. मी नवी साडी नेसले होते आणि फोटो काढण्यात गुंगले होते. कुसाबाईंनी विचारलं, "ताई, कुंकू लावू ना?" मी म्हटलं, "लावा की, एकेक बोट."

त्यांनी पाण्यात कालवलेलं कुंकू बोटावर घेतलं आणि दोन्ही रिंगांना आतून लावलं. मोहिनी म्हणाली, "मावशी, बाहेरून लावायचं असतं." कुसाबाई म्हणाल्या, "आमच्याकडं खळ्यात रास मापायच्या आदी पायलीला आतून बोट लावत्यात. मोजितं कोण? आतलंच ना? बाहेरच्या अंगाला पुजून काय करायचं?" मला ते इतकं आवडलं, की मी कडीच्या आतल्या त्या लाल ठिपक्याचा जवळून फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला.

दसऱ्यानंतर काम सुरू झालं. 'गो' रिंगमध्ये पहिल्या पिना जरा घासत उतरल्या, दोन-चार पिना आत-बाहेर झाल्यावर तिथलं कुंकू आपसूक निघून गेलं. 'नो-गो'मध्ये मात्र काही जातच नाही. रोज सकाळी रिंगा पुसायचा नियम आहे आणि कुसाबाई तो रोज पाळायच्या, तेवढा ठिपका सोडून. लावलेलं कुंकू आपण हाताने पुसत नाही, ते आपोआप जायचं असतं, हे आपल्याकडे कुठल्याही बाईला शिकवावं लागत नाही. मीही तो ठिपका एक-दोनदा पाहिला असेल. पाहूनही माझ्या डोक्यात काही आलं नाही.

कुंकवाचा वाळलेला थर काही फार जाड नसतो. पण आमचा सगळा खेळ केसाच्या पाव भागाचा. 'नो-गो' रिंग तेवढ्याने अरुंद झाली आणि ज्या बारीक पिना तिच्यात पडून पकडल्या जायला हव्या होत्या त्या कुंकवावर अडू लागल्या. दुसऱ्या कुणी जोर लावला असता तर कुंकू खरवडून निघालं असतं. कुसाबाईंचा हात हलका. चौथ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या.

"ताई, चार दिस झाले, एक बी पिन वाईट निघाली नाय. असं कसं?"

"चांगलं आहे की मावशी. ग्राइंडरवाल्यांनी लक्ष घातलं असेल."

"रोज दोन-चार निघतेत. अशी एकदम समदी पोरं शहाणी होत्यात का?"

मी हसले. अकरा दिवस रिजेक्शन शून्य. त्याचा आलेख करून मी बोर्डावर लावला, त्याखाली माझं नाव घातलं आणि महिन्याच्या बैठकीत धनराज सरांकडून शाबासकी घेतली. कुसाबाईंनी विचारलेला प्रश्न विचारण्याचा पगार मला मिळतो. तो प्रश्न त्यांनी फुकट विचारला होता आणि मी तो हसण्यावारी नेला. पिना दिवाळीआधी रवाना झाल्या. तपासणीच्या दाखल्यावर सही माझी.

डिसेंबरात त्या रिंगा प्रयोगशाळेत तपासून घ्यायची वेळ आली. मी कुसाबाईंना म्हटलं, "आतून-बाहेरून चकचकीत पुसून द्या, तिथे डाग चालत नाही." तासाभराने त्या आल्या. एका हातात लाल झालेलं फडकं, दुसऱ्या हातात 'नो-गो' रिंग. आम्ही प्रत्येक ऑर्डरच्या दहा पिना नमुना म्हणून ठेवून घेतो, त्या त्यांनी मोहिनीकडून मागून घेतल्या होत्या. माझ्यासमोर त्यांनी एक पिन रिंगवर ठेवली. अडली. दुसरी अडली. तिसरी सरळ आरपार माझ्या टेबलावर पडली.

"धा पिनांतल्या दोन पडत्यात, ताई," त्या म्हणाल्या. "मी कुंकू ठिवलं आत. पिन कुंकवाला अडत व्हती, मापाला नाय."

मी मायक्रोमीटर लावला, दोन्ही पिना बारीक. फोन काढून खंडेनवमीचा तो फोटो शोधला. ठिपका स्वच्छ दिसत होता. खाली माझ्याच हाताने लिहिलेलं, 'आपली संस्कृती', आणि तीस-पस्तीस जणांचे अंगठे. तेव्हा माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो असा, "आता पुसलंत ना? मग झालं. कुणाला बोलू नका."

कुसाबाईंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. आरोहीचं गणित चुकलं की जसं पाहत असतील, तसं.

"अन् त्या गेल्या त्या पिना?"

"तिकडेही तपासतात हो, मावशी."

"तिकडं आपला शिक्का बगून घेत्यात. माझा आठ हाय त्याच्यावर. त्या गाडीत माणसं बसतीन ना?"

मी फोटो पुसून टाकला आणि त्यांना घेऊन धनराज सरांच्या केबिनमध्ये गेले.

धनराज सर वाईट माणूस नाहीत. मालेगावकडचे. वडिलांचे चार लूम होते ते विकून त्यांनी हा कारखाना उभा केला, आज दीडशे घरं त्याच्यावर चालतात. पण चिडले की त्यांची घरची बोली बाहेर येते. सगळं ऐकून ते उठून उभे राहिले. "हाई काय शे? कुंकू? मी त्यांना इंग्रजीत काय लिहू, कुंकू लावलं म्हणून?" मग जरा खाली बसून मला म्हणाले, "शुभांगी, झाकली मूठ सव्वा लाखाची. चाचणीत काही आढळलं तर बघू. मावशी, तुम्ही कामाला लागा."

कुसाबाई जागच्या हलल्या नाहीत. कमरेच्या पिशवीतून त्यांनी आपला शिक्का काढला, सरांच्या काचेच्या टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "मंग मी आता कायच मारीत नाय."

तो शिक्का म्हणजे साधी गोष्ट नव्हती. त्या ऑर्डरसाठी कोणत्या नंबरचा तपासनीस चालेल, हे गिऱ्हाइकाने लिहून घेतलं होतं आणि आमच्याकडून एकच नंबर कळवला होता. दुसऱ्या हप्त्याच्या पाचशे पिना पेटीत भरायच्या राहिल्या होत्या. दोन दिवस कुसाबाई रोज यायच्या, मोजे घालून आपल्या जागेवर बसायच्या आणि हात मांडीवर ठेवायच्या. मोहिनीने समजावलं, ठेकेदाराच्या माणसाने धमकावलं. मी आरोहीच्या शाळेची आठवण करून दिली. हे मी केलं, दुसऱ्या कुणी नाही. कुसाबाई एवढंच म्हणाल्या, "पोरीचं मला ठावं हाय, ताई. तुमी पत्र लिव्हा."

तिसऱ्या दिवशी सरांनी हात टेकले. पत्र मी लिहिलं. रिंगच्या आत बाहेरचा पदार्थ राहिला होता, असं त्यात घातलं, कुंकू हा शब्द टाळला. शेवटी एक वाक्य माझ्या मनाने जोडलं, की ही चूक आठ नंबरच्या तपासनिसाने स्वतः शोधून स्वतः कळवली आहे. ह्या सगळ्या प्रकरणात माझं म्हणावं असं तेवढं एकच वाक्य आहे.

उत्तर आठवड्याने आलं. सहाशे बारापैकी सत्तेचाळीस पिना बारीक निघाल्या होत्या. सगळ्या आम्ही बदलून द्यायच्या. ऑर्डर रद्द झाली नव्हती. धनराज सरांनी पत्र वाचून देव्हाऱ्याला हात जोडले. कुसाबाईंनी शिक्का परत घेतला, राहिलेल्या पाचशे पिना तपासल्या, नव्या सत्तेचाळीस तपासल्या. शेवटची पेटी गेली त्याच दिवशी सर मला म्हणाले, "ही बाई आता नको. उद्या तिला अजून काही आठवेल. ठेकेदाराशी मी बोलतो. तुझं काही म्हणणं?"

माझं म्हणणं काय होतं ते मला ठाऊक होतं. पण त्या दाखल्यावर माझी सही होती, 'लावा की' मी म्हटलं होतं, आणि ह्यातलं काही सर बोलत नव्हते. त्यांनी बोलू नये असं मला वाटत होतं. मी म्हटलं, "ठीक आहे, सर."

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराच्या माणसाने चुंचाळ्याच्या थांब्यावर त्यांना गाडीत चढू दिलं नाही. मोहिनी त्याच गाडीत बसली होती, तिने मला सांगितलं. मावशी खाली उभ्या राहिल्या, डबा हातात, आणि गाडी निघाल्यावरही तिथेच होत्या म्हणे. महिना संपला तशी त्यांनी खोली सोडली. आरोहीचं नाव वर्षाच्या मध्येच शाळेतून काढून गावाकडच्या आश्रमशाळेत घातलं.

जानेवारीत एक फोन आला. आवाज कुसाबाईंचा, मागे कोंबड्या.

"ताई, त्या पिना काढल्या का गाडीतून?"

"काढल्या, मावशी."

"समद्या?"

"सगळ्या. सत्तेचाळीसच्या सत्तेचाळीस."

"बरं झालं बाई." मी मनात वाक्य जुळवत होते, की मावशी, मला माफ करा, किंवा मी सरांशी बोलते. तेवढ्यात त्या म्हणाल्या, "मोहिनीला सांगा, जोर लावू नको म्हणावं," आणि फोन ठेवला. नोकरीबद्दल अवाक्षर नाही. मला त्यांचा राग आला. त्यांनी दोन शिव्या घातल्या असत्या तर माझं बरंच काम हलकं झालं असतं.

फेब्रुवारीत गिऱ्हाइकाकडून कळवलं, की त्यांचे एक मोठे इंजिनिअर भारतात येत आहेत आणि आमच्याकडे अर्धा दिवस थांबतील. कारखाना बघायचा आहे, शिवाय आठ नंबरच्या तपासनिसाला भेटायचं आहे. माझं ते एक वाक्य असं फिरून आलं. मी सरांना म्हटलं, "आपण मावशींना बोलावून घेऊ. परत कामावरच घेऊ." सर म्हणाले, "आता? आणि ती काही बोलली म्हणजे? त्याला काय कळतंय आठ नंबर कोण ते. मोहिनी बसते ना त्या जागेवर? मोहिनीच आठ नंबर." मी एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाही. मोहिनीला सांगितलं, तू फक्त हात मिळव आणि हस. तिने मान खाली घातली. तीही ठेकेदाराच्या गाडीतून येणारीच.

पाहुणा पन्नाशीचा, उंच, शर्टाच्या बाह्या दुमडलेला. तपासणीच्या खोलीत शिरल्यावर त्याने रिंगा हातात घेऊन आतून बघितल्या, तेव्हा धनराज सर एकटक त्याच्या बोटांकडे बघत राहिले. मग त्याने विचारलं, आठ नंबर कोण? सरांनी मोहिनीकडे हात केला. ती कोऱ्या एप्रनमध्ये उभी होती. पाहुण्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला आणि तो सावकाश इंग्रजीत बोलू लागला. त्याचं बोलणं तिला मराठीत आणि तिचं त्याला इंग्रजीत सांगायचं काम माझ्याकडे होतं.

मी सांगत गेले. "हे म्हणतात, त्या सत्तेचाळीसपैकी अकरा पिना चाचणीच्या गाडीत बसवून झाल्या होत्या. पुढच्याच आठवड्यात गाडी पूर्ण वेगाने पळवायची होती. आत चौदा माणसं बसणार होती आणि त्यांतले एक हे स्वतः. हे म्हणतात, मी वीस वर्षं हे काम करतोय, लोक चूक लपवतात, मी स्वतःही लपवली आहे. म्हणून तुम्हाला भेटायला इतक्या लांब आलो."

मोहिनीचे डोळे भरून आले. तिने हात सोडवून घ्यायचा प्रयत्न केला, पण पाहुण्याने तो प्रेमाने धरून ठेवला होता. मग ती माझ्याकडे वळून बोलली, एका दमात, सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"ताई, यांना सांगा, मी नाय ती. कुसामावशीनं केलं हे. अन् तिला आपण काढून टाकलं. ती तिकडं हरसूलला हाय. आज जाऊन येता यील यांना. सांगा ना, ताई."

धनराज सर माझ्याकडे बघत होते. पाहुणाही माझ्याकडेच बघत होता, चेहऱ्यावर हसू, तिने इतकं भरभरून काय सांगितलं ते ऐकायला उत्सुक. त्याने मला विचारलं, काय म्हणाली ती?

मी म्हणाले, "शी सेज थँक यू."

तेवढं इंग्रजी मोहिनीला समजतं. तिने हात खाली सोडला आणि ती माझ्याकडे बघत उभी राहिली. पाहुण्याला वाटलं, पोरगी लाजली. तो हसला, आणि मीही हसले.